पिकअपच्या हौद्यात माणसे बसवू नका

कोपर, आयरे, भोपर, मोठागाव आणि डोंबिवली-कल्याण परिसरातील सर्व पिकअपमालक, चालक, गॅरेजवाले, मंडळांचे कार्यकर्ते आणि आईवडील यांना कळकळीचे आवाहन

पावसाने जोर धरला की आपल्याकडे दर शनिवारी रात्री एकच विषय असतो, उद्या कुठे जायचे? माळशेज, नाणेघाट, कोंडेश्वर, देहरीचा गोरखगड. पुढे श्रावणी सोमवार येतात, त्यापाठोपाठ दहीहंडी. जाणारी माणसे वीस-पंचवीस आणि गाडी म्हणजे गल्लीतच उभी असलेली कुणाची तरी पिकअप, नाहीतर छोटा हत्ती. एरवी ती भाजी, प्लायवूड, मंडपाचे सामान वाहते. सहलीसाठी तिला गॅरेजमध्ये नेतात. हौद्याच्या दोन्ही बाजूंना पाइप जोडून बाक होतात, वर लोखंडी सांगाडा आणि ताडपत्री चढते, भार पेलावा म्हणून मागे दोन पाटे वाढवले जातात, पुढे दिव्यांची पट्टी लागते. दोन दिवसांत मालगाडीची सहलीची गाडी झालेली असते.

हे काम आत्ता, या दिवसांतही चालू आहे. म्हणून हे लिहिणे उद्यावर टाकता येत नाही. ज्यांनी काम सुरू केले असेल त्यांनी ते थांबवावे. ज्यांचे होऊन गेले असेल त्यांनी बाक कापून काढावेत. हौद्यातून माणसे नेऊ नयेत, अगदी जवळ जायचे असले तरी, अगदी सावकाश जायचे असले तरी.

11 ऑगस्ट 2025 हा श्रावणी सोमवार होता. पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात पापळवाडीच्या महिला पाईटजवळच्या कुंडेश्वराच्या दर्शनाला पिकअपमधून निघाल्या होत्या. हौद्यात तीसच्या वर माणसे होती, सोबत लहान मुलेही होती. घाटातल्या चढणीवर गाडी पुढे जाईना, ती मागे सरकू लागली आणि खाली कोसळली. किमान दहा महिलांचा जीव गेला. एकाच वाडीतल्या, एकमेकींच्या जावा, नणंदा, शेजारणी. त्यानंतर दोन महिने झाले आणि 18 ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, नंदुरबार जिल्ह्यातल्या चांदशैली घाटात अस्तंब्याच्या यात्रेहून परतणारी पिकअप उलटली. त्यातही सहाहून अधिक जण गेले.

या दोन्ही गाड्यांतली माणसे आपल्यासारखीच होती. कुणी बेफाम नव्हते, कुणी शर्यत लावली नव्हती. दर्शनाला जायचे, वर्गणीत परवडेल अशी गाडी करायची, सगळ्यांनी एकत्र जायचे, एवढाच त्यांचा बेत होता. आपले बेतही याहून वेगळे नसतात. म्हणून त्या बातम्या वाचून हळहळून पान उलटणे आपल्याला परवडणारे नाही.

आपल्या भागात या सवयीला आणखी एक बाजू आहे आणि ती मला फार बोचते. कोपरहून रोज सकाळी लोकल पकडणाऱ्याला लटकून जाण्याची सवय झालेली असते. एक पाय आत, एक हात दांडीला, पाठीवर बॅग. 9 जून 2025 रोजी मुंब्र्याजवळ दोन लोकल एकमेकींना ओलांडत असताना दारातली माणसे खाली पडली आणि त्यातली किमान चार गेली. तो मार्ग आपला रोजचा आहे. तिथे निदान पोटाची सक्ती आहे, साडेनऊला कामावर हजर व्हायचे आहे. सहलीला जाताना कुणाची सक्ती असते? ज्या माणसाला सहा दिवस नाइलाजाने लटकावे लागते, त्याने सातव्या दिवशी हौसेने फाळक्यावर बसून जावे, ही गोष्ट मन मान्य करत नाही.

आता गाडीकडे वळू. कारण पुष्कळांचा मनापासून समज असतो की पिकअप दीड टन माल ओढते, तर वीस माणसे तिला काय जड आहेत?

माल आणि माणूस यांच्यात वजनापलीकडे फरक आहेत. सिमेंटच्या गोण्या दोन थरांत रचल्या तर त्यांचा भार हौद्याच्या तळापासून वीतभर उंचीवर राहतो. उभ्या माणसाचा भार त्याच्या कमरेच्या आसपास असतो, म्हणजे जवळपास मीटरभर वर. गाडीचा तोल जितका वर जाईल तितकी ती वळणावर लवकर कलंडते. दुसरे, गोणी दोराने आवळून बांधता येते, माणसे हलतात. डावीकडे धबधबा दिसला की सगळी डावीकडे झुकतात, वळण आले की सगळी एकाच बाजूला रेलतात, तीही नेमकी चुकीच्या वेळी. तिसरे, हवा खायला मिळते म्हणून तरुण मुले मागच्या फाळक्याजवळ दाटी करतात. चढणीवर आधीच भार मागे गेलेला असतो, त्यात हा भार मागच्या आसाच्याही मागे पडतो. पुढची चाके हलकी होतात. स्टिअरिंग फिरवले तरी गाडी हवी तशी वळत नाही, आणि ती मागे सरकू लागली तर चालकाच्या हाती फार थोडे उरते.

वजनाचा हिशेबही एकदा कागदावर मांडून बघा. समजा तुमच्या आरसीवर रिकाम्या गाडीचे वजन 1,700 किलो आणि एकूण वजन 3,000 किलो लिहिले आहे. म्हणजे 1,300 किलो भार चालेल. त्यात सांगाडा, बाक, वाढवलेले पाटे मिळून 240 किलो धरा. भरलेले दोन गॅस सिलिंडर 60 किलो, शंभर लिटर पाणी 100 किलो, भांडीकुंडी आणि शिधा 100 किलो, जनरेटर आणि स्पीकर 200 किलो. माणूस चढण्याआधीच 700 किलो झाले. आता सरासरी 60 किलोची पंचवीस माणसे चढवा, आणखी 1,500. गाडी 900 किलोने जास्त भरली. हा भार घेऊन तुम्ही मुरबाडच्या पुढे माळशेज चढणार आणि त्याहून वाईट म्हणजे तो संध्याकाळी, धुक्यात, ओल्या रस्त्यावर उतरणार.

डोंबिवली एमआयडीसीत, भिवंडीच्या गोदामांजवळ वजनकाटे आहेत. थोड्या पैशांत काम होते. सामान भरून गाडी एकदा काट्यावर चढवा. आधी पूर्ण गाडीचे वजन घ्या, मग फक्त पुढची चाके काट्यावर ठेवून त्यांचे वेगळे घ्या. मागच्या आसावर किती भार पडतो ते वजाबाकीने कळेल. ज्या मालकाने हे आकडे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, त्याला पुढे फारसे समजवावे लागत नाही.

गॅरेजवाल्या भावांनो, पुढचा मजकूर खास तुमच्यासाठी आहे. गाडी उचलून तिच्या मागच्या आसाजवळ बघा. बऱ्याच पिकअपमध्ये चॅसीला एक लहान व्हॉल्व्ह बसवलेला असतो आणि त्याच्यापासून करंगळीएवढा दांडा आसापर्यंत गेलेला असतो. हौद्यात माल भरला की पाटे दबतात, चॅसी आसाच्या जवळ येते, दांडा हलतो आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. गाडी रिकामी असली की तोच व्हॉल्व्ह दाब कमी करतो, नाहीतर रिकामी गाडी ब्रेक मारताच मागून घसरेल. कारखान्याने ही सोय मूळच्या पाट्यांची उंची धरून केलेली असते. तुम्ही दोन पाटे वाढवता, गाडी चार बोटे वर येते, आणि हौदा गच्च भरला तरी चॅसी पूर्वीइतकी खाली बसत नाही. व्हॉल्व्हला वाटते गाडी रिकामी आहे. म्हणजे भार वाढला त्याच दिवशी मागचा ब्रेक कमजोर झाला. गिऱ्हाईक खूश असते, कारण गाडी दबत नाही. सपाट रस्त्यावर काही कळतही नाही. कळते ते घाट उतरताना.

पाटे वाढवल्याने आणखीही गोष्टी बिघडतात. प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो, त्याचे जॉइंट लवकर झिजतात, यू बोल्ट पुन्हा कसले नाहीत तर आस सरकतो. पण मला सर्वांत मोठी काळजी त्या व्हॉल्व्हची वाटते, कारण त्याचा विचार करणारे फार कमी आहेत. म्हणून तुम्हाला हात जोडून विनंती आहे. पाटे वाढवण्याचे काम आले तर गिऱ्हाइकाला आधी विचारा, कशासाठी? माणसे बसवायची असतील तर काम परत पाठवा. हौद्यात बाक जोडून द्या असे कुणी म्हटले तर नाही म्हणा. एका कामाचे पैसे बुडतील, हे खरे आहे. पण कोपरच्या चार गॅरेजवाल्यांनी ठामपणे नकार दिला तर पाचव्यालाही नाही म्हणायचे बळ येते.

कायदा काय म्हणतो तेही माहीत असू द्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कारखान्याने ठरवून दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलापेक्षा वेगळी होईल असा फेरफार मालकाला करता येत नाही. 9 जानेवारी 2019 रोजी केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट शब्दांत सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम 182-अ नव्याने लिहिले गेले. बेकायदा फेरफार केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा दोन्ही. बाक एक, सांगाडा दुसरा, अशी मोजणी होते. मोटारगाडीच्या पुढे लावतात त्या लोखंडी बंपरवर, म्हणजे बुलबारवर, कारवाई करण्याची सूचना केंद्राने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना दिली होती, कारण पादचाऱ्याला तो जास्त इजा करतो आणि एअरबॅगच्या कामात अडथळा आणतो. पासिंगच्या दिवशी बाक काढायचे आणि परत आल्यावर पुन्हा वेल्डिंग करायचे, हा प्रकार सगळ्यांना ठाऊक आहे. पासिंग गाडीचे होते. चढणीला कागद दाखवता येत नाही.

विम्याचे तर पुष्कळ मालकांना माहीतच नसते. मालगाडीच्या आरसीवर आसनक्षमतेच्या रकान्यात चालक धरून दोन किंवा तीन असा आकडा असतो. विमा त्याच हिशेबाने काढलेला असतो. मालगाडीत फुकट किंवा भाडे देऊन बसलेल्या प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी प्रकरणात 2002 मध्ये दिला आहे. मालासोबत चाललेला मालाचा मालक किंवा त्याचा माणूस यांची गोष्ट वेगळी. सहलीला निघालेली वीस माणसे त्यात बसत नाहीत. कधी न्यायालय कंपनीला आधी पैसे द्यायला लावते, पण ते गाडीमालकाकडून वसूल करायची मुभा देऊन. अर्थ एकच. एका रविवारच्या भाड्यासाठी किंवा मैत्रीखातर गाडी दिलेल्या मालकाचे घर, गाडी, बायकोचे दागिने त्या भरपाईत जाऊ शकतात. आणि ज्यांची माणसे गेली त्यांच्या हातीही वेळेवर काही पडत नाही. दोन्ही घरे एकाच गल्लीतली असतात.

इथे मला आणखी एका वर्गाशी बोलायचे आहे. गेल्या काही वर्षांत आपल्या भागात हौसेच्या पिकअप आल्या आहेत. इसुझूची व्ही-क्रॉस, टोयोटाची हायलक्स, महिंद्राची बोलेरो कॅम्पर. चार-पाच जण केबिनमध्ये पट्टा लावून बसतात, मागे तंबू, चूल, पाणी भरतात आणि डोंगरात मुक्कामाला जातात. हा छंद सुंदर आहे, तो जरूर जोपासा. माझी विनंती इतकीच की पैसे खर्च करण्याचा क्रम बदला. बहुतेक जण आधी दिसणारी वस्तू घेतात, म्हणजे टपावरचा तंबू, दिव्यांची पट्टी, रुंद टायर. ब्रेक, टायरची क्षमता, ओढून काढायचा हूक यांच्याकडे शेवटी लक्ष जाते.

टायरच्या कडेवर भाराचा आकडा छापलेला असतो. 106 असेल तर एक टायर 950 किलो पेलतो, 95 असेल तर 690 किलो. दिसायला रुंद आणि रुबाबदार म्हणून मोटारीचे टायर पिकअपला चढवले तर मागच्या दोन टायरांत मिळून पाचशे किलोंहून जास्त क्षमता गेली, आणि दुकानात कुणी ते सांगत नाही. तिथेच चार आकडे असतात. 2321 म्हणजे 2021 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी शाबूत दिसली तरी रबर जुने झालेले असते. मूळ मापापेक्षा मोठा टायर घातला की स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो, इंजिनाला चढणीवर जास्त जोर लागतो आणि त्याच ब्रेकला जास्त काम पडते. टपावरच्या तंबूचेही तसेच. टपावर कारखान्याने किती वजन सांगितले आहे ते पुस्तिकेत बघा, कारण तंबू, त्याची चौकट आणि वर ठेवलेले डबे मिळून ते सहज ओलांडले जाते.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, आणि ओलावा धरलेले ऑइल घाटात तापले की पेडल खाली जाते. दोन वर्षांनी ते बदलावेच. घाट उतरताना गाडी ज्या गिअरमध्ये चढली असती त्याच गिअरमध्ये उतरवा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून उतरवणारे चालक अजून आहेत. तसे करणाऱ्या चालकाच्या शेजारी बसला असाल तर गाडी थांबवायला लावा, त्याला वाईट वाटले तरी चालेल.

पाण्याबद्दल जरा थांबून सांगतो. मुरबाड, शहापूर, अंबरनाथच्या आतल्या वाटांवर ओढ्या-नाल्यांवर फरशी पूल आहेत. वर डोंगरात पाऊस पडतो आणि इथे लख्ख असताना पाणी अचानक वाढते. उल्हास नदी काय करू शकते ते आपण 27 जुलै 2019 रोजी पाहिले. वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींतून काढावे लागले. अख्खी रेल्वेगाडी जिथे थांबते तिथे पिकअपने धाडस करू नये. वाहत्या पाण्याची उंची फूटभर झाली की लहान मोटारी तरंगू लागतात, दोन फूट झाली की पिकअपसारख्या गाड्याही वाहून जातात. हुडाच्या बाजूने वर गेलेला स्नॉर्कलचा पाइप इंजिनाला हवा देतो, त्याने गाडीची होडी होत नाही. फरशी दिसेनाशी झाली असेल तर मागे फिरा. पाण्यात इंजिन बंद पडले तर पुन्हा चावी फिरवू नका. सिलिंडरमध्ये पाणी शिरले असेल तर इंजिन जागच्या जागी मोडते. माणसे बाहेर काढा, गाडी नंतर बघता येईल.

चिखलात रुतलेली गाडी ओढताना होणारे अपघातही कमी गंभीर नसतात. कारखान्यातून गाडी आणताना तिला बांधायला जे पातळ हूक दिलेले असतात, त्यांना दोर लावून झटका दिला की ते तुटतात आणि गोळीसारखे उडतात. ओढण्यासाठी चॅसीला बोल्टने पक्का बसवलेला हूकच वापरा. तारेचा दोर ताणलेला असताना त्याच्या मध्यावर जाड गोणपाट टाका आणि सगळ्यांना दोराच्या दुप्पट लांबीएवढे दूर उभे करा. शंका असेल तर जवळच्या पाड्यातून ट्रॅक्टर बोलवा. आणि पाड्याचा विषय निघालाच आहे तर हेही सांगतो. पावसाळ्यात चार चाकांच्या जोरावर भाताच्या खाचरांतून आणि बांधांवरून गाड्या घालू नका. तो बांध कुणीतरी ठाकर किंवा महादेव कोळी कुटुंबाने हाताने घातलेला असतो आणि लावणी चालू असते. त्याचे वर्ष तुमच्या दहा मिनिटांच्या मजेत बुडते. राखीव जंगलात वाट सोडून गाडी घालणे तर गुन्हाच आहे.

हौद्यावर झाकण बसवून आत झोपण्याची व्यवस्था करणाऱ्यांना एक गोष्ट फार काकुळतीने सांगतो. पावसामुळे बंद केलेल्या झाकणात गॅसची शेगडी, कोळशाची सिगडी पेटवू नका आणि इंजिन चालू ठेवून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आधी थोडे डोके जड होते आणि माणूस झोपेतच जातो. स्वयंपाक बाहेर, ताडपत्रीखाली, गाडीपासून लांब करा. जादा बॅटरी आणि इन्व्हर्टर बसवत असाल तर बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज घाला आणि पत्र्याच्या भोकातून जाणाऱ्या वायरला रबराची चकती घाला. धक्क्यांनी वायर सोलवटते, शॉर्ट होते आणि आग लागते. ज्यांना गाडीतच राहायचे आहे, त्यांच्यासाठी मान्यता मिळालेल्या कॅरॅव्हॅनचा मार्ग आहे. आपल्या राज्याने 2021 मध्ये त्यासाठी वेगळे पर्यटन धोरणही केले.

मंडळांच्या कार्यकर्त्यांनो, तुमच्यावर मोठी भिस्त आहे. दर्शन, ट्रेक, दहीहंडी, एकवीरेची यात्रा, मलंगगडाची जत्रा, सगळीकडे पिकअप तुम्हीच ठरवता. ती ठरवा, पण सामानासाठी. मंडप, भांडी, शिधा, ध्वज, ढोल तिच्यातून जाऊ द्या. माणसांसाठी एसटीची गाडी प्रासंगिक करारावर मिळते. आगाराकडे आधी अर्ज करावा लागतो, तो वेळेत करा. वीस-पंचवीस माणसांत भाडे वाटले की डोक्यामागे येणारा आकडा ऐकून वाटते तितका मोठा नसतो. कमी माणसे असतील तर परवानाधारक जीप करा. कर्जत आणि कसाऱ्याच्या बाजूचे कितीतरी गड तर लोकलने आणि पुढे तिथल्याच गाडीने होतात. रविवारी गाडीला गर्दीही कमी असते. वर्गणी थोडी वाढवा, नाहीतर माणसे कमी न्या, नाहीतर बेत पुढे ढकला. गोविंदांना टेम्पोच्या टपावर बसवून ठाण्यात फिरवण्याची पद्धत बंद करायची सुरुवात आपल्या गल्लीतल्या पथकाने केली तर बाकीची पथके बघतील.

आईवडिलांनी मुलांना एक प्रश्न नक्की विचारावा. कुठे चाललात, कोणाबरोबर चाललात, हे आपण विचारतोच. कोणत्या गाडीतून, तेही विचारा. मुलगा म्हणाला, पिकअप आहे, तर पुढचे विचारा, केबिनमध्ये की हौद्यात? हौद्यात असेल तर नाही म्हणा. तो रुसेल, मित्रांत मान खाली जाईल असे म्हणेल. त्या दिवशी रुसलेला मुलगा घरात असू द्या.

चालकांनो, भाडे तुम्ही करता, पण गाडी मालकाची असते आणि गर्दी मंडळाची असते, म्हणून नाही म्हणणे तुम्हाला सर्वांत अवघड जाते, हे मी जाणतो. तरीही चावी तुमच्या हातात आहे. माणसे हौद्यात चढली तर गाडी चालू करू नका. मालकाने दबाव आणला तर त्याला विम्याचा वरचा निकाल सांगा. आणि पोलीस व परिवहन खात्याला विनंती आहे की शनिवार-रविवारी पहाटे कल्याण-मुरबाड रस्त्यावर, शीळ फाट्यावर, माणकोलीच्या बाजूला माणसे भरलेल्या मालगाड्या थांबवा. नुसता दंड घेऊन पुढे सोडू नका. माणसे तिथेच उतरवून बसस्टॉपवर पोहोचवलीत तर लोक त्या दिवशी चिडतील, पण घरी परततील. धबधब्यांवर दरवर्षी बंदीचे आदेश निघतात. तिथे माणूस पोहोचतो कशातून, तिकडेही बघा.

हे वाचत असाल तर आज संध्याकाळीच एवढे करा. तुमच्या गल्लीत, सोसायटीच्या फाटकापाशी, कोपर स्टेशनच्या रस्त्यावर बाक बसवलेली पिकअप उभी असेल तर तिच्या मालकाला भेटा. भांडू नका, फोटो काढून बदनामी करू नका. तो आपलाच माणूस आहे, त्याच्याशी शांतपणे बोला, कुंडेश्वरची गोष्ट सांगा, विम्याचे सांगा. बाक काढायला गॅरेजवाल्याचे पैसे पडणार असतील तर चार जणांनी मिळून भरा. रस्त्यात अशी गाडी अडचणीत दिसली तर 112 वर कळवा, कुणी जखमी असेल तर 108 वर रुग्णवाहिका बोलवा. जखमीला मदत करणाऱ्याला पोलीस त्रास देऊ शकत नाहीत, 2019 च्या दुरुस्तीने त्याला कायद्याचे संरक्षण दिले आहे.

या रविवारी कोपरमधून एकही पिकअप हौद्यात माणसे घेऊन निघू नये. ते आपल्याच हाती आहे. कृपया साथ द्या.